एकेचाळिसावं पातं

आम्लातून काढलेलं पातं हेमांगीनं नळाखाली धरलं. जेट इंजिनासाठी ओतलेलं हे एकेचाळिसावं पातं. आधीच्या चाळीसही पात्यांवर आम्लानं बारीक रेषा, म्हणजे धातूच्या स्फटिकांमधले सांधे, उघड्या पाडल्या होत्या, आणि जिथं रेष, तिथंच इंजिनाच्या धगीत पातं तुटणार. "हे शेवटचं," विभागप्रमुख खांबेटे सरांनी बजावलं होतं. "नाही जमलं तर परदेशातून मागवू."

भट्टीच्या तापमानाचे सगळे आलेख चाळून थकल्यावर तिनं गेल्या आठवड्यात भट्टीवरच्या याकूबभाईंना विचारलं होतं. ते म्हणाले, "ताई, आपला साचा भट्टीतून फार घाईनं खाली उतरतो. धातूला थिजायला सवड द्या की जरा." तिनं वेग निम्म्यावर आणला.

आता तिनं पातं दिव्याखाली फिरवलं. पोट, पाठ, कडा. कुठंच रेष नाही! शेजारी उभ्या सरांनी भिंग लावून तीनदा पाहिलं. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. "अगं, एकसंध आहे," ते पुटपुटले. "अख्खं पातं म्हणजे एकच स्फटिक!"

हेमांगी पातं घेऊन भट्टीकडे धावत सुटली. याकूबभाईंनी हात पुसून ते तळव्यावर घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि ते खदखदून हसले.

"एवढंसं हे, आणि याच्या जिवावर विमान उडणार?"

"उडणारच! पण एकच निघालं तर लोक नशीब म्हणतील. उद्या दुसरं ओतू या?"

"उद्या कशाला?" याकूबभाईंनी हातमोजे चढवले. "भट्टी तापलेलीच आहे."