मंगळाचा धाकटा

तारांगणाच्या दालनात सुतारकाका शिडीवर चढून मंगळाचे दोन चंद्र तारेने टांगत होते. खाली नकाशा धरून उभी असलेली निवेदिका म्हणाली, "काका, फोबोस बरोबर लागलाय. डीमोस मात्र बापाला पार चिकटलाय. तो फोबोसच्या अडीचपट लांब हवा."

"बापाला म्हणजे?"

"ग्रीकांच्या गोष्टीत मंगळ हा युद्धाचा देव आणि हे त्याचे मुलगे. एकाचं नाव भीती, दुसऱ्याचं थरकाप."

"बापच एवढा तापट, मग पोरांची नावं दुसरी काय पडणार! आता कसं आहे त्यांचं?"

"फोबोस हळूहळू जवळ येतोय. डीमोस मात्र कणाकणानं लांब चाललाय."

काकांच्या हातातली पक्कड थांबली. "माझा धाकटाही असाच गं. एकदा मी हात उगारला. तो हात खाली यायच्या आत उंबरा रिकामा. सहा वर्षं झाली." त्यांनी डीमोसवरची धूळ बाहीनं पुसली. "उद्या सकाळी करतो लांब. आजचा दिवस राहू दे जवळ."

सकाळी उद्घाटनाआधी निवेदिका दालनात आली, तेव्हा काका मंगळाखाली शिडी लावून उभे होते. पाय मात्र पहिल्याच पायरीवर अडला होता.

"उतरा काका, चहा घेऊन या," ती म्हणाली. मग तिनं एक पुठ्ठा घेतला, सुवाच्य अक्षरात एक ओळ लिहिली आणि मंगळाखाली चिकटवली.

"प्रेक्षकांनी नोंद घ्यावी : येथील अंतरे खरी नाहीत."