डिंकाचे लाडू

सत्कार लेकाचा होता, पण मिरवत होत्या शालिनीबाई. आणि का मिरवू नये? चंदीगडच्या मराठी मंडळात वर्षभर त्यांच्याच डिंकाच्या लाडवांचा बोलबाला होता.

"तुमच्या लाडवांनी मला पायावर उभं केलं हो," कांचनताई म्हणाल्या. एका कर्नलची ही आई गेल्या थंडीत काठी टेकत आली होती. आज हॉलचा जिना एकटीनं चढली. गालसुद्धा कसे गरगरीत झाले होते! शुगर तेवढी वाढली होती, पण ती गुळामुळे, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

"पण त्यात घालता तरी काय?"

"डिंक, मेथी, खारीक, गूळ, साजूक तूप. आणि माझा हात!"

सून मंजुषा गालात हसली. सासूबाई एक जिन्नस लपवतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाडू वळताना स्वयंपाकघरात कुणाला पाऊल टाकू देत नसत. मेथीसुद्धा त्यांना मोहालीचीच लागे. इथल्या मेथीला काय धाड भरली होती, देव जाणे! पण सुगरण आपली खुबी सुनेलाही सांगत नाही, त्यात नवल ते काय?

लेक आदित्य बोलायला उभा राहिला. तो केंद्र सरकारचा औषध निरीक्षक. तपास चालू असताना घरी अवाक्षर काढत नसे. एका चूर्णावरची बंदी आजच जाहीर झाली, म्हणून तोंड उघडलं.

पडद्यावर एका हिरव्या डब्याचा फोटो आला.

"लेबलवर लिहिलंय, शुद्ध जडीबुटीचं चूर्ण. आत निघालं स्टेरॉइड. दुखणं थांबतं, चेहरा भरतो, माणूस खूश. आतून मात्र साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. एकदम सोडलं तरी जिवावर बेतू शकतं, डॉक्टरच हवा. मोहालीतल्या कारखान्याला टाळं लागलंय. आता ज्यांनी हे खाल्लं, ती माणसं शोधायचीत. तेच अवघड आहे. लोक लाजेनं पुढे येत नाहीत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आदित्यनं आईकडे हात केला. "आणि माझी आई बघा. तिनं औषधाचा कणही न देता तुम्हाला उभं केलं. आई, ये ना वर!"

शालिनीबाई उठल्या. मंचावर जाऊन त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग कांचनताईंकडे. त्यांच्या हातात अर्धा लाडू होता. सगळा हॉल कौतुकानं वाट बघत होता. शालिनीबाईंनी पदर सावरला आणि माइक हातात घेतला.

"कांचनताई, तो लाडू खाली ठेवा. आदित्य, हा हिरवा डबा आपल्या फडताळात आहे. जडीबुटी समजून दर घाण्यात घातला मी. तू शोधतोयस ती माणसं लांब नाहीत रे बाळा. इथेच बसलीत, माझ्यासाठी टाळ्या वाजवत."