आतला हात

तांबड्या समुद्राकाठी, अदुलिसच्या बंदरात गलबतं खिळ्यांनी ठोकत नाहीत, दोरीने शिवतात. एक जण फळ्यांच्या बाहेर बसतो, एक आत. तोंडं दिसत नाहीत, भोकातून फक्त दोरी ये-जा करते. तेक्ला बाहेरचा, नफ्ताली आतला. दोघांचे केस पिकले, तेक्लाचा पोरगा गब्रा दोघांच्या अंगाखांद्यावर वाढला, पण जोडी मोडली नव्हती.

समुद्रापलीकडच्या यहुदी राजाने ख्रिस्ती माणसं मारली, म्हणून इकडच्या, अक्सूमच्या ख्रिस्ती राजाने आरमार बांधायला काढलं होतं. तिकडचा धुपाचा बाजारही त्याच्या डोळ्यात भरला होता, पण दवंडीत नाव देवाचं होतं.

सकाळीच राजाचा धर्मगुरू येऊन गरजला, "क्रुसाच्या गलबताला यहुद्याचा हात लागता कामा नये!" नफ्तालीला हाकलून दिलं.

तेक्लाने सवयीने दोरी आत सारली. ओढणार कोण? तो डोक्याला हात लावून बसला. दुपारी धर्मगुरू जेवायला गेला आणि दोरीला आतून दोन हिसके बसले. तो हिसका तेक्लाने झोपेतही ओळखला असता.

"नफ्ता? अरे मेल्या, मुंडकं उडवतील तुझं!"

"हळू बोल. आणि दोरी धर नीट."

"तुझ्याच माणसांवर चाललंय हे गलबत. ते गळलं काय, बुडलं काय! तुला कशाला एवढा पुळका?"

आतून दोरी करकचून ताणली गेली.

"तुझा गब्रा बसणार ना यात? जाताना असेल राजाचा शिपाई. परत येताना आपला पोरगाच असेल. आवळ घट्ट."