साबणमिस्त्री

डबीचं झाकण उघडलं आणि साबणमिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. चकचकीत पोलादी तुकड्यावर चार बोटांचे ठसे उमटले होते. तांबूस, ठसठशीत, रेघ न् रेघ मोजता येईल असे. एका रात्रीत गंज चढला होता.

साडेनऊ झाले होते. दहाला मालक येणार होते.

कारखाना मोजमापाचे पोलादी ठोकळे बनवायचा. बाकीच्या कारखान्यांनी आपली मापं ज्यांच्याशी ताडून बघायची, ते ठोकळे. आता काही माणसांचा घामच असा असतो, की तो पोलादाला सोसत नाही. नुसता हात लागला तरी गंज धरतो. म्हणून थोरल्या मालकांनी नियम घालून ठेवला होता. कामावर येणाऱ्या नव्या माणसानं एक तुकडा पाच मिनिटं मुठीत धरायचा. तुकडा रात्रभर डबीत ठेवायचा. सकाळी गंज दिसला, तर त्या माणसाला दारातूनच नमस्कार. थोरले मालक गेले, मुलगा खुर्चीवर बसला, नियम जिथल्या तिथे राहिला.

डबीतले ठसे एका मुलीचे होते. आणि तिच्याशिवाय दुसरं कोणी आलंच नव्हतं.

कारखान्याच्या शिकाऊ वर्गात दोन वर्षं कुणी पाऊल टाकलं नव्हतं. मालकांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "महिनाअखेर एक तरी शिकाऊ दाखवा, मिस्त्री. नाहीतर वर्ग बंद. तुम्ही मंडळी निवृत्त झालात की यंत्रं भंगारात देऊ आणि तयार ठोकळे आणून विकू." आज महिन्याचा शेवटचा दिवस होता.

मिस्त्रींनी नऊ शाळा पालथ्या घातल्या होत्या. टेबल मांडायचं, ठोकळे मांडायचे, घसा कोरडा पडेपर्यंत बोलायचं. मुलं यायची, फुकटची पेनं उचलायची आणि समोरच्या कॉम्प्युटरवाल्यांकडे पळायची. एकानं तर तोंडावर विचारलं होतं, "काका, यात बसून करण्यासारखं काही नाही का हो?"

नवव्या शाळेत ही मुलगी आली. मिस्त्रींनी फडक्यात धरून दोन ठोकळे तिच्यापुढे ठेवले. तिनं ते एकावर एक दाबून सरकवले आणि ते घट्ट चिकटले. ओढून सुटेनात.

"गोंद कुठेय?"

"गोंद नाही. इतके सपाट आहेत, की मध्ये हवेलाही जागा उरत नाही."

घंटा झाली, टेबलं आवरली, तरी ती जागची हलली नाही. काल ती आईला घेऊन कारखान्यात आली. "घरातलं एक घड्याळ हिनं धड ठेवलं नाही," आई म्हणाली. "घ्या हिला एकदाची." मुलीनं तुकडा मुठीत धरला. पाच मिनिटं श्वाससुद्धा जपून घेतला.

आणि आज हे.

मिस्त्रींनी तुकडा तेलात बुडवला, फडक्यानं घासला, पुन्हा घासला. रंग फिका झाला, पण गंजानं खाल्लेल्या खुणा राहिल्याच. दुसरा तुकडा डबीत सरकवून द्यावा, असंही मनात येऊन गेलं. पण प्रत्येक तुकड्यावर आकडा कोरलेला असे, आणि हा आकडा मालकांनी काल स्वतः वहीत उतरवला होता. खिडकीतून बाहेरच्या बाकावर मायलेकी दिसत होत्या. मुलगी आपल्या तळव्यांकडे बघत बसली होती. मिस्त्रींना भडभडून आलं.

सवयीनं ते बेसिनकडे गेले. दर अर्ध्या तासाला ते हात धुवायचे, म्हणून तर हे नाव पडलं होतं. साबणवाल्याचा संसार यांच्याच जिवावर चाललाय, असं कारखान्यातले म्हणायचे. मिस्त्रीही हसायचे. तीस वर्षं हसत आले होते.

दहाच्या ठोक्याला मालक आले. त्यांनी तुकडा उजेडात धरून पाहिला.

"अरेरे. पोरगी हुशार होती हो. पण नियम बाबांचा आहे, मिस्त्री. तो मी कसा मोडू?" त्यांनी वही ओढली आणि रेघ मारायला पेन उघडलं.

"थांबा," मिस्त्री म्हणाले.

ते आपल्या कपाटापाशी गेले. जुन्या कपड्यांच्या तळाशी तेलकट कागदाची एक पुडी होती. दोऱ्याची गाठ सोडून ती त्यांनी मालकांपुढे उघडली. आत तसलाच एक तुकडा होता. त्यावरही बोटांचे ठसे होते, जुने, काळे पडलेले.

"हा कुणाचा?"

"माझा. कामावर आलो, तेव्हाचा."

मालकांनी तुकडा उचलून पाहिला. "म्हणजे तीस वर्षं तुम्ही आम्हाला..."

"हवं तर आत्ता काढून टाका मला. पण आधी तो कागद वाचा. पहिल्या दिवशी माझ्याकडून एक ठोकळा घासून घेतला होता; दुसऱ्या दिवशी मला कपाट मिळालं, आणि त्यात हा तुकडा ह्याच कागदात बांधून ठेवलेला सापडला."

मालकांनी कागद उलगडला. आतल्या बाजूला पेन्सिलीनं दोन ओळी लिहिल्या होत्या. डावीकडे झुकलेलं ते अक्षर त्यांनी लहानपणी प्रगतिपुस्तकावरच्या सहीत कितीदा पाहिलं होतं.

'पोरा, तुझं काम मी पाहिलं. हात धूत जा आणि कुणाला सांगू नकोस.'

मालकांनी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. मग पेनाला टोपण लावलं, खिडकीतून बाकाकडे पाहिलं आणि म्हणाले,

"मिस्त्री, आजपासून बेसिनवर साबणाच्या दोन वड्या ठेवत जा."