गचके

ती माहेरी निघाली, की वडिलांनी दिलेली जुनी मोटार गावाबाहेर गचके खायची आणि बंद पडायची. मग नवरा जीप घेऊन यायचा. "म्हातारं इंजिन ते, त्याला लांबचा पल्ला झेपायचा नाही," म्हणत दोर बांधून तिला नि मोटारीला, दोघींना घरी न्यायचा.

आज तो यायच्या आधी तिनं जवळच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून उन्हात धरलं.

"ताई, इंजिन ठणठणीत आहे. या झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं, ते बुजलं की पेट्रोल पुढे सरकत नाही. कुणीतरी मुद्दाम मेण भरलंय त्यात. थांबा, सुईनं मोकळं करतो."

वळणावर नवऱ्याची जीप दिसली.


"नको, आत्ता असू द्या तसंच," ती घाईनं म्हणाली. "मेण कसं काढायचं, तेवढं मला दाखवा."