सिलांत्रो

हरताळामुळे गिरणीत माणसं भरणारा बाबुराव जॉबर आज घरी सापडणार होता, आणि कोंडीराम कोथिंबीर चिरत बसला होता. बसला कुठला, उभाच होता. ट्रंकेवर पाट उलटा घातलेला, त्यावर जुडी, हातात सुरी. विळी कोपऱ्यात तशीच पडून.

चंपाचं डोकं फिरायची वेळ आली होती. गिरण्या बंद, खाली लालबागच्या रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा, अख्खी चाळ गॅलरीत, आणि या गृहस्थाला स्वयंपाक सुचतोय. बोटीवरची आगवाल्याची नोकरी सोडतो, कोळसा ओढून कंबर गेली, आता गिरणीत चिकटतो, असं गेल्या खेपेला जाताना तोच म्हणाला होता. तिने जॉबरच्या बायकोची मिनतवारी करून बदली कामगार म्हणून लावायचा शब्द मिळवला. याने नुसतं जाऊन समोर उभं राहायचं होतं.

"अहो, जेवला की तो झोपतो. आत्ता जाऊन या."

"जातो गं. हे एवढं होऊ दे."

हे एवढं म्हणजे काय, तर काल भाजीवालीने बटाट्यांवर फुकट टाकलेली जुडी. चंपाने ती आमटीवर चिमूट चिमूट टाकून आठवडा काढला असता. याने देठांसकट चिरली, लसूण-मिरची घालून पाट्यावर वाटली, वर तेल सोडलं, लिंबू पिळलं. बटाटे सालासकट मिठाच्या पाण्यात उकडले. लग्न झाल्यापासून या माणसाने कधी कपबशी विसळली नव्हती.

"सिलांत्रो म्हणतात तिकडे हिला," तो म्हणाला. "स्पेनकडच्या बेटावर, लास पाल्मासला. कोळसा भरायला बोट लागते ना, तिथे. आपल्यासारखी नुसती शोभेला नाही टाकत. ही चटणी करून गरम बटाट्यांवर घालतात."

मग वाढता वाढता पुन्हा एकदा हळूच म्हणाला, "सिलांत्रो." जणू खोलीत तो एकटाच होता.

चंपाने घास घेतला. चांगलं झालं होतं, त्याचाच तिला जास्त राग आला. बोटीवर महिना महिना हिरवं पान दिसत नाही, कांदे-बटाटे आणि डब्यातली मासळी, हे रडगाणं ती याच्याच तोंडून ऐकत आली होती. आगवाल्याला तर बोटीच्या भटारखान्यात पाऊल टाकू देत नाहीत. आणि असं उभ्याने, फळीवर, सुरी झुलवत चिरणं कुणी शेजारी उभं राहून शिकवल्याशिवाय हाताला येत नाही.

तिने ताटली बाजूला सारली.

"बाबुरावाकडे जायचंच नाही तुम्हाला," ती म्हणाली.

तो बटाटा कुस्करत राहिला. "एक शेवटची खेप करतो. मग बघू गिरणीचं."

"पाल्याचं नाव सांगितलंत," चंपा म्हणाली, "आता तिचंही सांगा."

कोंडीरामचा हात थांबला. खालून मोर्चा गेला, घोषणा परळच्या बाजूला विरल्या, गॅलरीतली माणसं जेवायला घरात शिरली, तरी त्याची बोटं हिरव्या चटणीत तशीच होती.