दुधाचा पारा

शिवकन्या टँकरवाल्याशी फोनवर बोलून आत आली, तर दुधाच्या टाकीचं झाकण उघडं आणि छबुबाई पंगतीतला लांब दांड्याचा झारा घालून आतलं दूध ढवळतेय. बाकीच्या बाया पाळी धरून उभ्या. पदर कमरेला खोचलेले, अंगावरून घामाच्या धारा.

"मावशी, झाकण कावून उघडलं?"

"दूध निववायलोत," छबुबाई म्हणाली. "आण्णानं सांगितलं."

आण्णा म्हणजे दूध संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव. दुष्काळाचं दुसरं वर्ष. गावात कमाई म्हणून उरलं होतं ते या टाकीतलं चारशे लिटर दूध, आणि सकाळी नऊला विजेची डीपी जळाल्यापासून टाकी गार ठेवणारं यंत्र बंद पडलं होतं. बर्फ आणायला बीडला माणूस धाडला, तो हात हलवत परत आला. बर्फाच्या कारखान्यालाच पाणी नव्हतं. मग अध्यक्षांनी अक्कल चालवली. अध्यक्ष म्हटल्यावर ती चालवावीच लागते.

शिवकन्येने थर्मामीटर बुडवला. तासाभरापूर्वी पाच होतं, आता सात. दहाच्या वर गेलं की टँकर दूध घेत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"आण्णा, ढवळल्यानं वाढायलंय."

"चहा ढवळला की निवतो का न्हाई?" सुंदरराव म्हणाले. "का तुमच्या कालेजात चहाचं बी येगळंच शिकवतेत?"

बाया हसल्या, तोंडापुरत्या. शिवकन्या बारावी सायन्स झालेली; संस्थेत दुधाची फॅट मोजायची.

"चहापेक्षा हवा गार असती, म्हनून चहा निवतो. आज भाईर त्रेचाळीस हाय, आन दूध सात. हवाच दुधाला तापवायली, आण्णा."

मग तिने शिकलेलं सांगितलं. दुधात डोळ्याला न दिसणारे कण असतात, ते सारखे पळत असतात. जितके जोरात पळतील तितकं दूध गरम. बाहेरच्या हवेचे कण तर उधळलेल्या खोंडांसारखे सुटलेत. झाकण उघडलं की ते येऊन धडकतात आणि आपला जोर दुधाला देऊन जातात. ढवळणाऱ्या हाताचा जोरही शेवटी दुधातच उतरतो.

"मंजी आमी राबलो ते दूध गरम करायला?" छबुबाईने विचारलं.

"तुमच्या हातानं थोडं. जास्ती हवेनं."

"मग काय करावं म्हन्तीस?"

"काही न्हाई. झाकण लावून गप बसायचं."

छबुबाईने झारा बाहेर काढला. "दोन वर्सं झाली माय, गपच बसलोत की."

शिवकन्येला यावर काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दात काढताना सुई दिल्यावर गाल होतो, तसं तिचं आतलं सगळं कधीपासून बधिर झालं होतं. तिने झाकण घट्ट लावलं आणि बाहेरची धग आत जाऊ नये म्हणून बायांना घरून गोधड्या आणायला सांगितल्या.

"उन्हाळ्यात गोधडी!" सुंदरराव कपाळाला हात लावून म्हणाले. पण थोड्या वेळाने त्यांच्या घरचीही गोधडी आली.

टाकी पांघरून सगळ्या भिंतीला टेकून बसल्या. खव्याचा विषय निघाला, पण एवढं दूध आटवायला सरपण कुठून आणायचं, म्हणून तिथेच बसला. चारला येतो म्हणालेला टँकर सहाला आला.

पाशा ड्रायव्हरने थर्मामीटर दुधात सोडला, पाहिला, पुसला आणि पुन्हा सोडला.

"अकरा," तो म्हणाला. "गरम हाय, बाई."

"एका अंशानं काय होतंय बे?" सुंदररावांचा आवाज चढला.

"मी नेलं तरी तिकडं डेरीवर उतरून घेत न्हाईत, आण्णा. माझ्या हातात असतं तर नेलं नसतं का?"

त्याने थर्मामीटर पुसून खिशात ठेवला. मग गाडी वळवून गेला.

कुणी रडलं नाही. कुणी शिवकन्येला बोलही लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, एवढं मात्र तिला वाटलं. सुंदरराव पायरीवर बसून चपलेचा अंगठा चाचपत राहिले.

दगडाबाई सगळ्यांत म्हातारी. तिची एकच गाय, आजचं दूध दोन लिटर. ती गुडघ्यावर हात देत उठली, टाकीपाशी आली. शिवकन्येला वाटलं, आता ही आपलं दूध मागणार. दगडाबाईने बांगड्या मागे सारल्या आणि कोपरापर्यंत हात दुधात घातला.

ती दचकली. मग तिचे डोळे आपोआप मिटले.

"लई गार हाय की गं," ती म्हणाली. "दोन उन्हाळ्यांत येवढं गार हाताला लागलं न्हाई." डोळे उघडून तिने विचारलं, "ह्याला गरम म्हन्तेत?"

दगडाबाईने हात बाहेर काढला नाही. तिच्या शेजारी छबुबाई येऊन उभी राहिली आणि तीही बांगड्या मागे सारू लागली.